सहा पावलं

काल मारबत गेली.
इतवारीच्या गर्दीत पोरं ओरडत होती,
त्यांच्यात मीही हळूच ओरडून घेतलं :
मागच्या मोसमातले एकतीस गोल
घेऊन जा गे मारबत!
आज सकाळी साडेपाचला मोतीबागच्या मैदानावर
एकतीसच्या एकतीस हजर.

गवत घोट्याच्या वर. गोलपोस्टपाशी डबकं,
त्यात रेल्वे क्वार्टरांतली दोन बदकं.
लीगला बावीस दिवस.
वही उघडली : पुढून मुलीचं रसायनशास्त्र,
मागून माझे बॅक.

उजवीकडे सचेत गजभिये, एकोणीस.
पळतो असा, की स्वतःची जागा मागे विसरून जातो.
क्रॉस मारतो, टाळ्या घेतो,
परत येईस्तोवर चेंडू आमच्या जाळीत
निवांत बसलेला असतो.

डावीकडे अँसेल्म, मोहननगरचा.
डावा पाय सोन्याचा, उजवा उसना.
तीन वर्षांत एकदाही चुकला नाही,
कारण तीन वर्षांत एकदाही पुढे सरला नाही.
हे कौतुक की तक्रार?
वहीत नुसतं प्रश्नचिन्ह.

मधे इश्तियाक, कामठीचा, चौतीस.
बुटीबोरीची रात्रपाळी उतरून थेट इथे,
डोळ्यांत अजून वेल्डिंगचा उजेड.
धावत नाही. चेंडू कुठे पडणार
ते त्याला चेंडूच्या आधी कळतं.
फक्त गुडघा,
वळताना जुन्या दारासारखा बोलतो.

शेजारी बिरजू उईके, देवलापारचा,
हवेतलं सगळं त्याचं,
जमिनीवरचं निम्मंच.

आणि या दोघांच्या मधे
सहा पावलं. मी चालून मोजली.
एकतीसपैकी अठरा गोल इथूनच गेले.
सेमीफायनलला एक साधा चेंडू आला होता,
याला वाटलं तो घेईल, त्याला वाटलं हा,
कोणीच काही म्हणालं नाही,
तेव्हापासून म्हणत नाहीत.
पास देतात एकमेकांना.
पाण्याची बाटली देत नाहीत.

यावर कोणता व्यायाम सांगू?

घरून कपडे वाळत घालायची दोरी आणली होती,
ओले कपडे खुर्चीवर टाकून,
कुसुम उठायच्या आत.
चौघांच्या कमरेला बांधली,
दोघादोघांत थोडी ढील ठेवून.
सचेत म्हणाला, सर, पोळा तं परवाच झाला नं?

समोरून सोडला मोनू डेकाटे,
वय तेरा, बूट भावाचे.
तो डावीकडे गेला, फळी डावीकडे सरकली.
उजवीकडे वळला, अँसेल्मला ओढ बसली,
आयुष्यात पहिल्यांदा दोन पावलं जास्त गेला.
सचेत वर निघाला आणि कमरेला हिसका बसून
त्याला आपली जागा आठवली.
बरं चाललं होतं.
मग पोरगा थांबला. मधे बघितलं.
घुसला.

बिरजू पुढे, इश्तियाक मागे,
दोरी दोघांच्या पायांत, चौघे डबक्यात,
बदकं फडफडत रुळांकडे.
गोल. बत्तिसावा.

चिखलातून आवाज :
काऊन बे, दिसला नाही काय तुले?
मले दिसला, तू बोंबलला काऊन नाही?
बोंबललो असतो तं आयकलं असतं काय?
एकदा बोंबलून तं पाह्य!
मग सेमीफायनल निघाली,
मग त्याच्याही आधीचं काहीबाही,
कोणाच्या तरी लग्नातली गाडी, परत न केलेले मोजे.
एकमेकांच्या अंगावर पडल्या पडल्याच भांडले.
गाठ सोडायला गेलो होतो,
हात मागे घेतला.

शिट्टी तोंडात होती. वाजवली नाही.
मधल्या रकान्यात, जिथे वर्षभर काही लिहिलं नव्हतं,
तिथे लिहिलं :
बोलतात.

ऊन वर आलं. चौघे गेले आपापल्या कामाला,
इश्तियाक झोपायला.
दोरी चिखलाने जड झालेली, धुवावी लागेल,
वाळत घालावी लागेल.
कशावर, ते माहीत नाही.